न मोजलेली मतं

अक्का,

‘मतमोजणी झाली की सांगते, तम्मा,’ असं म्हणून तू फोन ठेवलास. तेच आपलं शेवटचं बोलणं. मोजणी झाली नाही आणि तूही राहिली नाहीस. आता सांगणार कोण?

लोक विचारतात, बहीण कशाने गेली. मी सांगतो, हार्ट. मग विचारतात, तिकडे एकटीच होती का. या प्रश्नाशी मी अडतो. हेच तर मी तुला विचारत होतो. भावजी गेल्यापासून आपलं भांडण एवढ्यावरच चाललं होतं, आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस.

तू लग्न होऊन वेक्सबरीला गेलीस तेव्हा मी कॉलेजात होतो. इंग्लंड म्हणजे लंडन, एवढंच आपल्या घरात ठाऊक. वेक्सबरी हे नाव कुणाच्या कानावरूनही गेलेलं नव्हतं. भावजींची तिथल्या कारखान्यात नोकरी होती. सुरुवातीला तू फोनवर नुसती रडायचीस. पुढे तिथल्या बाजारपेठेत कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलंस. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं. मग तुझा आवाज बदलला. ‘निम्म्या गावाच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे,’ तू म्हणायचीस, ‘आणि उरलेले निम्मे माझ्याशी त्याबद्दल खोटं बोलतात.’

भावजी गेले, तुझी मुलगी मीरा नोकरीसाठी लंडनला राहायला गेली. तेव्हापासून मी तुझ्यामागे लागलो की आता परत ये. कोरमंगल्याच्या घरावर मी तुझ्यासाठी खोली चढवली. आपल्या गल्लीत आता सगळी पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची घरं, झाली आहेत. दर महिन्याला कुणीतरी दार वाजवतं, वरची खोली भाड्याने देता का म्हणून. मी सांगायचो, बहीण यायची आहे. रेखा मला म्हणायची, अहो, त्यांना यायचं असतं तर आल्या असत्या. मी ऐकून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुला विचारायचो.

तू सकाळी दुकानाकडे चालत निघायचीस तेव्हा इथे माझी जेवणाची सुट्टी व्हायची. आनेकलच्या कारखान्यातल्या कॅन्टीनबाहेर एक पिंपळ आहे. त्याखाली उभा राहून मी तुझ्याशी बोलायचो. चढ आला की तुला धाप लागायची. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखव. तू म्हणायचीस, चढ सरला की जाते आपोआप.

तिथेच तू मला सांगितलंस की बरो कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहतेस. म्हणजे आपल्याकडची नगरपालिका, हे तूच समजावलंस. मला आधी थट्टा वाटली. आपल्या घरात कुणी कधी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा झालेलं नाही. मी विचारलं, कशासाठी उभी राहतेस. तू म्हणालीस, मुताऱ्यांसाठी.

मी हसलो. तू हसली नाहीस. तुझ्या दुकानासमोर बस स्टँडला लागून बायकांसाठी आणि पुरुषांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. कौन्सिलने खर्च परवडत नाही म्हणून त्याला कुलूप लावलं. महिन्याभरात तुझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायका कमी झाल्या. तू एकीला रस्त्यात गाठून विचारलंस तेव्हा ती ओशाळत म्हणाली की हल्ली ती बाजारात यायचं टाळते, घरापर्यंत कळ निघत नाही. एक जण तर घरातून निघायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. हे सांगताना तुझा आवाज चढला होता.

‘तम्मा, तू पुरुष आहेस,’ तू म्हणालीस. ‘तुला कुठेही भिंत मिळते. मी लहानपणी मार्केटमधून घरी येईपर्यंत बसमध्ये ओठ चावत बसायचे, ते तुला कधी कळलंच नाही.’

खरंच नव्हतं कळलं.

राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय पासपोर्ट ठेवूनही तिथे मत देता येतं, निवडणुकीला उभंसुद्धा राहता येतं, हे मला तुझ्याकडूनच समजलं. मी लगेच तेच धरलं. म्हटलं, तीस वर्षांत तू पासपोर्ट बदलला नाहीस, म्हणजे मनातून तू इथलीच आहेस. एवढी हौस आहे तर इथे येऊन उभी राहा. तू म्हणालीस, तुमच्याकडे महापालिकेची निवडणूक होते तरी का? वर्षानुवर्षं ती लांबतच गेली आहे. आपल्या गल्लीतलं गटार कुणाला दाखवायचं हे मला आजही माहीत नाही.

पक्ष नाही, पैसा नाही, तू अपक्ष. तुझं नाव सुचवलं ते डोरीनबाईंनी. तुझ्या जुन्या गिऱ्हाईक, शेजारच्याच रस्त्यावर राहणाऱ्या, तुझ्याहून चांगल्या दहा-बारा वर्षांनी मोठ्या. तुम्ही दोघी रोज दुपारी दुकान बंद करून घरोघर पत्रकं वाटत हिंडायचात. दार उघडून लोक काय म्हणाले ते तू मला दुसऱ्या दिवशी सांगायचीस. कुणी कुत्रा सोडला, कुणी चहा दिला. एकाने, तू कुठली, असं विचारलं. तू म्हणालीस, मार्केट स्ट्रीटची. तो म्हणाला, तसं नाही, मूळची कुठली. तू म्हणालीस, बंगलोर. त्याने दार लावून घेतलं.

हे ऐकून मी चिडलो, आणि आपलं शेवटचं भांडण झालं.

मी म्हणालो, बघ, तीस वर्षं त्यांचे कपडे शिवलेस आणि तोंडावर दार मिळालं. कोण आहे तुझं तिथे? उद्या पडलीस तर कोण उचलेल? तुझ्या बुटांचा आवाज तेवढा येत होता. मग शांतपणे म्हणालीस, ‘आपले पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून तिथे आले. त्यांनाही कुणीतरी दारं लावलीच असतील. मग आपण बेंगळूरूचे नक्की कधी झालो, तम्मा? आपण तर घरात मराठी बोलतो आणि एकमेकांना कानडीतून अक्का, तम्मा म्हणतो.’

मी म्हणालो, त्याला तीनशे वर्षं लागली.

‘मला तीसच मिळाली,’ तू म्हणालीस. ‘पण कोण आहे म्हणून विचारतोस ना? कोण आहे ते मोजूनच बघू. मतमोजणी झाली की सांगते, तम्मा.’

मतदानाला चार-पाच दिवस उरले होते. मीराचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. बोम्मनहळ्ळीच्या पुढे सिल्क बोर्डच्या चौकापर्यंत गाड्या तुंबलेल्या. ‘मामा, आई गेली,’ ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली. तिला एवढंच मराठीत येत होतं, किंवा एवढंच मराठीत बोलता आलं. मला त्या बसमधून उतरायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, सर, उतरून जाणार कुठे, सगळीकडे गाड्याच आहेत. तो बरोबर बोलत होता. मी बसून राहिलो.

मला तुझ्याकडे पोचता आलं नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत सगळं उरकणार होतं. तुझा अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. स्मशानगृहाच्या त्या छोट्या सभागृहात कॅमेरा मागच्या भिंतीवर उंच, पुढच्याच भागावर रोखून लावलेला. त्यातून पुढची शवपेटी, मीराची पाठ आणि पहिल्या दोन बाकांवरची पाठमोरी डोकी दिसत होती. त्यामागचं काहीच दिसत नव्हतं. बाकीचं सभागृह भरलेलं होतं की रिकामं, कळायला मार्ग नव्हता. गाणं सुरू झालं तेव्हा मी आवाज मोठा केला, किती जण गातात ते ऐकायला. स्पीकरवर ऑर्गनच तेवढा वाजत होता. रेखाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तर मी तो झटकला. मी ऐकत होतो.

नंतर मीराला मी पहिला प्रश्न तोच विचारला. किती लोक होते? ती म्हणाली, ‘मामा, मी मागे वळून पाहिलंच नाही.’

तिला काय बोलायचं? तिची आई गेली होती. मी सॉरी म्हणालो.

आठवड्याने डोरीनबाईंनी फोन केला. मीराने त्यांना माझा नंबर दिला होता. त्या हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या, मला त्यांचं इंग्रजी समजावं म्हणून, आणि त्यांना रडूही आवरायचं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही चढावरच्या एका घरी गेलात. दारात एक म्हातारा गृहस्थ आला. तू पत्रक पुढे केलंस तेव्हा तो म्हणाला, आता कशाला, मी माझं मत पोस्टाने केव्हाच पाठवून दिलं. तू त्याचे आभार मानलेस. फाटकाबाहेर आल्यावर तू म्हणालीस की जरा टेकते, आणि कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसलीस. डोरीनबाई पाणी मागायला पुन्हा त्याच दारात गेल्या. पेला घेऊन परत आल्या तोवर सगळं संपलं होतं. त्या म्हाताऱ्याने आतून ब्लँकेट आणून तुझ्या अंगावर घातलं. रस्त्याने जाणारे थांबले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत डोरीनबाई त्या भिंतीवर तुझ्याशेजारी बसून राहिल्या.

मी विचारलं, त्या गृहस्थाने मत कुणाला दिलं होतं?

डोरीनबाई म्हणाल्या की ते तो बोलला नाही.

अक्काने विचारलं नाही का?

‘आमच्याकडे असं विचारत नाहीत,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांनी आता पुन्हा जावं आणि विचारावं. ओठांवर आलेलं मी गिळलं. एवढी वयस्कर बाई, तुझ्याजवळ शेवटी तीच होती. उद्या पडलीस तर कोण, असं मी तुला विचारलं होतं. त्याचं उत्तर त्या फोनवर माझ्याशी बोलत होतं, आणि मला एका म्हाताऱ्याच्या मताची पडली होती.

पण पोस्टाची गोष्ट डोक्यातून जाईना. मी चौकशी केली. तिथला कायदा असा आहे की निकालाआधी उमेदवार गेला तर त्या वॉर्डातलं मतदान रद्द होतं आणि नव्याने घेतात. म्हणजे पोस्टाने आलेली मतंही बाद. पण ती आलेली तर होती. तुझ्या नावासमोर फुली मारलेल्या मतपत्रिका कुठल्यातरी कचेरीत पडलेल्या होत्या. तिथे पसंतीसाठी फुली मारतात हे मला या निमित्ताने कळलं. आपण चुकीला फुली मारतो.

मी त्या कचेरीत फोन लावला. जेवणाच्या सुट्टीत, त्याच पिंपळाखालून. एक पुरुष बोलत होता, तरुण असावा. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मनापासून दुःख व्यक्त केलं. मी म्हणालो, मला निकाल नको, पद नको, तक्रारही नाही. आलेल्या मतांत माझ्या बहिणीची किती, एवढंच मोजून सांगा. तो म्हणाला, ते शक्य नाही. मतपत्रिका सीलबंद केल्या आहेत, मुदत संपली की नष्ट होतील. मी विचारलं, मोजल्याने कुणाचं काय बिघडतं? तो म्हणाला, बिघडत नाही, पण मोजण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. त्यानंतरही एकदा. तिसऱ्यांदा त्याने माझा आवाज ओळखला. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, ‘सर, मला सांगता आलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.’

मी रडलो, अक्का. कॅन्टीनमधून बाहेर पडणाऱ्या पोरांनी पाहिलं. पन्नाशी उलटलेला अकाउंट्सचा माणूस झाडाला टेकून इंग्लंडातल्या एका परक्या माणसापुढे रडतो आहे. मी त्याला सगळं सांगून टाकलं. आमचं भांडण होतं म्हणालो. तिचं तिथे कुणी नाही असं मी म्हणत होतो, आणि ती म्हणत होती, मोजून बघू. मला ते भांडण हरायचं आहे. मला हरवेल असा आकडा तुमच्या कपाटात पडून आहे आणि तुम्ही तो जाळणार आहात.

तो हळू आवाजात, सॉरी सर, एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नकोस. रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर तुझं गाव उघडून बसायचो. नकाशावर रस्त्यांचे फोटो असतात, त्यांतून पुढे पुढे सरकत जाता येतं. मी मार्केट स्ट्रीटवरून चालायचो. तुझं दुकान सापडलं. फोटो जुना आहे, समोरच्या स्वच्छतागृहाचं दार उघडं दिसतं. तुझ्या दुकानाच्या दारात कुणीतरी उभं आहे, गळ्यात मोजपट्टी असावी असं वाटतं. पण चेहरा पुसलेला. सगळ्यांचेच पुसतात. मी ते चित्र मोठं करत राहायचो, ते अजूनच फिसकटायचं. शेवटी रेखाने मशीन बंद केलं. म्हणाली, पुरे आता. तिलाही तुझी खोली रोज झाडायची असते.

नवं मतदान झालं. मीराला काही लोकांनी उभं राहा म्हणून सुचवलं होतं. ती नको म्हणाली. ते बरंच केलं. आधीचाच कौन्सिलर निवडून आला. डोरीनबाई म्हणाल्या, फारसं कुणी मत द्यायला फिरकलंच नाही. त्या स्वतः गेल्या होत्या. मतपत्रिका हातात घेऊन उभ्या राहिल्या, तशीच घडी घालून पेटीत टाकली आणि घरी आल्या. निवडून आलेल्या त्या माणसाच्या नव्या पत्रकात म्हणे स्वच्छतागृह उघडण्याचं आश्वासन होतं. मी विचारलं, उघडलं का? त्या म्हणाल्या, अजून नाही.

तुझ्यावर मला राग येतो. धाप लागत होती तर चढ कशाला चढलीस? वरच्या खोलीच्या खिडकीतून समोरचं पीजी आणि त्याच्या गच्चीवरची ओली बनियनं दिसतात, तेवढं बघत इथे बसली असतीस तर आज असतीस. मग मला तुझा दुपारचा आवाज आठवतो, दारोदारचे किस्से सांगतानाचा. भावजी गेल्यानंतर तसा तो मी ऐकलाच नव्हता. तो आवाज वरच्या खोलीत निघाला नसता, हे मला पटतं. पटतं म्हणून आणखी त्रास होतो.

परवा घरी तुझ्यासाठी छोटी प्रार्थना ठेवायचं ठरलं. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी अजून बसवनगुडी, जयनगरात आहेत, त्यांना कळावं म्हणून रेखाने कन्नड पेपरात निधनाची चौकट द्यायला सांगितलं. मी पेपरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. फोटो घेतला, नाव घेतलं, वय घेतलं.

‘ऊरु?’ तिने विचारलं. गाव कुठलं.

बेंगळूरु, हे माझ्या ओठांवर होतं. आपला जन्म इथला, आईवडील इथेच गेले, तुझा पासपोर्ट याच शहराचा पत्ता सांगतो. तसं सांगून चौकट पूर्ण झाली असती आणि कुणालाही वावगं वाटलं नसतं.

‘वेक्सबरी,’ मी म्हणालो.

तिला ते कळलं नाही. म्हणाली, स्वल्प निधानवागि हेळी, सर, जरा हळू सांगा. मी सावकाश, एकेक अक्षर सोडवून पुन्हा सांगितलं. तिने ते कन्नडमध्ये टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला, बरोबर आहे का बघा म्हणून. मी वाचलं. हे कुठे आलं, तिने विचारलं. मी म्हणालो, इंग्लंडात. मग तिथे राहायला होत्या का, ती म्हणाली, तसं असेल तर ऊरु बेंगळूरुच लिहितात सर, मी बदलते.

मला कुणीही मोजून दिलेलं नव्हतं, अक्का.

‘बदलू नको,’ मी तिला म्हणालो. ‘ती तिथलीच होती.’